हिरामणने काच बदलली

हिरामण तरे पायी चालताना भिवंडीजवळच्या शेलार गावात फारसा कुणाला दिसायचाच नाही. दिसायचा तो गाडीत. गाडी म्हणजे त्याच्या वडिलांनी, तुळशीरामनी घेतलेली जुनी महिंद्रा पिकअप. पुढे जीपसारखं नाक, मागे उघडा हौदा, आणि ड्रायव्हरपुढे दोन सपाट काचा, मध्ये पत्र्याची उभी पट्टी. असल्या गाड्या आता रस्त्यावर राहिलेल्या नाहीत. कुठे ढाब्यापुढे शोभेला उभी केलेली एखादी दिसते, तीही विटांवर. हिरामणची मात्र रोज सकाळी एका सेल्फमध्ये सुरू व्हायची.

तरुणपणी त्याने या गाडीतून नारपोलीच्या यंत्रमागांवर, म्हणजे लूमवर, सूत गुंडाळलेले जाड रूळ, बीम, पोचवले आणि कापडाचे तागे बाहेर काढले. रात्रपाळी सुटायच्या आत बीम पोचला नाही तर लूम थांबतात, म्हणून कारखानदार हिरामणलाच बोलवायचे. पुढे एकेक कारखाना बंद पडत गेला. शेवटी शेवटी तर त्याने लूमच भंगारात नेऊन टाकले. ज्या यंत्रांना तो सूत पुरवत होता, त्यांचेच तुकडे हौद्यात घालून आणताना त्याने आयुष्यात पहिल्यांदा गाडीतला टेप बंद ठेवला होता.

मुलगा शैलेश तोवर हायवेवरच्या वडपे गावच्या गोडाऊनात मोठ्या गाड्यांची कामं बघू लागला होता. तो म्हणायचा, "बाबा, आता बस करा. घरात काय कमी आहे?"

कमी काहीच नव्हतं. पण हिरामणला बसता येत नव्हतं. त्याने भाजीची फेरी धरली. शेलारच्या वर डोंगराच्या अंगाला आदिवासी पाडे आहेत. तिथल्या बाया काकडी, शेवगा, वालाच्या शेंगा, रानभाजी, जे हाती येईल ते भिवंडीच्या बाजारात आणून विकतात. पूर्वी त्या डोक्यावर टोपल्या घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत उतरायच्या आणि मिळेल त्या वाहनाला लोंबकळायच्या. हिरामण गाडी थेट पाड्याच्या फाट्यापर्यंत न्यायचा. बाया मागे हौद्यात टोपल्यांसकट बसत. पुढे त्याच्या शेजारी गुणाबाई. ती सगळ्यांत वयस्क, आणि तिला हौद्यात चढवत नसे. शिवाय तिला बोलायला कोणीतरी लागायचं. फाट्यापासून बाजारापर्यंत ती पाड्यावरच्या सगळ्या बातम्या सांगून मोकळी व्हायची, आणि हिरामण फक्त "व्हय का?" एवढंच म्हणायचा. अशी कित्येक वर्षं गेली.

त्या हिवाळ्यात हिरामणला समोरचं धुरकट दिसायला लागलं.

सुरुवातीला त्याला वाटलं, धुकं. मग धुकं उतरलं तरी तसंच. मग त्याने सुताला खळ लावणाऱ्या सायझिंग कारखान्यांच्या चिमण्यांच्या धुराला दोष दिला. संध्याकाळी समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायची. एकदा त्याने गाडी बाजूला घेऊन काच आतून-बाहेरून पुसली, तरी कडी जाईनात. तेव्हा त्याने ठरवून टाकलं.

"काच गेली," तो घरी येऊन बायकोला म्हणाला. "बापाच्या येलची काच ती. किती दिस टिकंल?"

सीताबाई भाकऱ्या थापत होती. तिने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. "काच गेली का डोले गेले, ते आधी बघा."

"डोल्यांना काय झालंय? पेपर वाचतोय ना मी?"

ते खरं होतं. पेपर तो वाचायचा. पण ताटाच्या डाव्या अंगाला ठेवलेल्या तांब्याला त्याचा हात लागून तांब्या आडवा व्हायचा. दाराच्या चौकटीला खांदा घासायचा. सीताबाईने शैलेशला हे सांगितलं होतं. शैलेश म्हणाला होता, "वय झालं गं आई. चष्मा करून आणू." आणि वडप्याच्या गडबडीत तो चष्मा राहूनच गेला.

काचेसाठी हिरामण बरेच दिवस फिरला. दुकानदार गाडी बघून हसायचे. एकाने तर विचारलं, "काका, म्युझियममधून आणली का?" भंगारवाल्यांकडे दोन-तीन सांगाडे मिळाले, पण काचा कुठल्याच धड नव्हत्या. शेवटी नारपोलीत, जिथे तो पूर्वी बीम उतरवायचा त्याच गल्लीत, इस्माईलभाई भेटला. हाही मूळचा लूमवाला. कारखाना मोडल्यावर गाड्यांच्या काचा बसवायचं काम करू लागलेला.

इस्माईलभाईने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि बोनेटवर हात ठेवला. "हिरामणसेठ, ये गाडी अभी जिंदा है?"

"मी हाय तवर ऱ्हाईल."

"काच रेडिमेड नहीं मिलेगी. लेकिन सपाट है ना? फर्मा बनाके कटवा लेंगे."

त्याने पुठ्ठ्याचा फर्मा कापला. काच कापून आली त्या दिवशी हिरामण सकाळची फेरी करून तडक नारपोलीला गेला आणि दिवसभर तिथेच थांबला. जुनं रबर दगडासारखं कडक झालं होतं. ते पट्टी-पट्टीने कापून काढावं लागलं. काचा सुटून आल्या तेव्हा इस्माईलभाईने त्यातली एक उन्हात धरली. कडेने पिवळट दुधी झालेली, आणि वायपर फिरून फिरून मधोमध कमान उमटलेली.

"इसमें से तुम देखते थे? कमाल है."

हे ऐकून हिरामणला इतकं बरं वाटलं की त्याने सगळ्या गल्लीला चहा पाजला. त्याचं म्हणणं खरं निघालं होतं. दोष काचेचाच होता. तो सीताबाईला फोन करून म्हणाला, "ऐकलं का, काच पार खराब व्हती. तो दाखवतोय मना."

नवं रबर काचेला चढवून इस्माईलभाईने रबराच्या खाचेत सुतळी घातली आणि साबणाचं पाणी लावलं. आता एकाने बाहेरून काच दाबायची आणि दुसऱ्याने आतून सुतळी ओढायची, म्हणजे रबर पत्र्याच्या कडेवर बसत जातं. आत हिरामणच बसला. स्वतःच्या गाडीला दुसऱ्याचा हात त्याला नको होता. इस्माईलभाई बाहेरून तळव्यांनी थापटत होता, हिरामण आतून इंच-इंच सुतळी ओढत होता, आणि रबर चुटचुट करत जाग्यावर बसत होतं. दोन्ही काचा बसल्यावर तो तसाच सीटवर बसून राहिला. समोरची गल्ली, टांगलेले कपडे, पानाची टपरी, सगळं लख्ख. निदान त्याला तसं वाटलं.

परतताना दिवेलागण झाली. नदीनाका ओलांडला आणि समोरून एक मोटरसायकल आली. तिच्या दिव्याभोवती कडं होतं. रंगीत, पूर्वीसारखंच.

हिरामणने बाहीने काच पुसली. मग मनाशीच म्हणाला, साबण राहिला असेल. घरी जाऊन त्याने काच कोमट पाण्याने धुतली, पुन्हा धुतली. सीताबाई ओट्यावरून बघत होती. तिने विचारलं, "कशी झालीय?"

"ब्येस," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा पाड्याकडे निघाला. ऊन कोवळं होतं, धुकं नव्हतं. फाट्यावर बाया टोपल्या घेऊन उभ्या होत्या. गुणाबाई नेहमीसारखी पुढे, डाव्या हाताला. गाडी कुठे थांबते हे तिला पाठ होतं. गाडी अजून पुरती थांबलेली नसताना ती दाराकडे सरकायची, हीही रोजचीच सवय. त्या दिवशी गाडी नेहमीपेक्षा जरा डावीकडून आली. हिरामण समोर बघत होता. नव्या काचेतून रस्ता स्वच्छ दिसत होता आणि रस्त्यावर कोणी नव्हतं.

आधी धप्पकन आवाज आला, मग बायांचा कालवा.

तो उतरला. गुणाबाई गटाराच्या कडेला पडली होती. उजवा हात अंगाखाली गेलेला, वालाच्या शेंगा सगळ्या रस्ताभर. बायांनी तिला उठवून बसवलं. मनगट भलतीकडेच वळलं होतं.

"दादाचा काय दोस न्हाय," गुणाबाई कण्हत बायांना सांगू लागली. "मीच पुढं गेली. माजाच पाय घसरला."

हिरामण तिच्यापुढे उकिडवा बसला. "गुनाबाय, तू घसरली न्हाय. मना तू दिसलीच न्हाय."

"अरं, मी हितंच तर व्हती."

"व्हतीस गं. पन मना दिसली न्हाय."

त्याने किल्ली काढून खिशात टाकली. बाया म्हणाल्या, गाडीतूनच दवाखान्यात नेऊ. तो म्हणाला, "मी न्हाय चालवनार." रस्त्यावरून जाणारी रिक्षा थांबवून त्याने तिला बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. वाटभर गुणाबाई कण्हत होती आणि अधूनमधून त्याचीच समजूत घालत होती. पहिल्यांदाच तिच्याकडे पाड्याची एकही बातमी नव्हती.

हाताला प्लास्टर झालं. शैलेश वडप्याहून धावत आला. बापाला बाकावर बसलेला बघून त्याने आधी विचारलं, "बाबा, तुम्हाला लागलं नाही ना?" हिरामणने मान हलवली. मग म्हणाला, "मना डोल्यांच्या डॉक्टरकडं ने."

डॉक्टरीण तरुण होती, शांत बोलणारी. तिने त्याला एका यंत्रासमोर बसवलं, एक डोळा झाकला आणि ठिपका चमकला की बटण दाबायला सांगितलं. हिरामण बोट तयार ठेवून बसला. ठिपके चमकत राहिले असतील. त्याचं बोट मात्र बराच वेळ तसंच राहिलं. मागे उभ्या असलेल्या शैलेशला ते दिसत होतं, आणि तो हळूच खोलीबाहेर गेला.

"काचबिंदू आहे," डॉक्टरीण म्हणाली. "बाजूची नजर दोन्ही डोळ्यांची गेली आहे, डावीकडची जास्त. समोरचं दिसत राहतं, म्हणून माणसाला कळत नाही. दिव्यांभोवती रंग दिसायचे का?"

"दिसायचे."

"कधीपासून?"

"मी काच बदलली," हिरामण म्हणाला.

तिला काही समजलं नाही. तिने पुढे सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, पण आहे ती थेंब घालून राखता येते, आणि थेंब रोज, न चुकता घालायचे. गाडी चालवायची नाही. हिरामणने एवढंच विचारलं, "आधी आलो असतो तर?"

"आधी आला असतात तर जास्त वाचली असती," ती म्हणाली. तिने खोटं सांगितलं नाही, याचं त्याला पुढे बरंच वाटलं.

घरी सीताबाई त्याच्यावर ओरडली नाही. ती शैलेशवर ओरडली, मग स्वतःवर, मग पदर तोंडाला लावून आत गेली. रात्रीच्या जेवणाला तिने तांब्या त्याच्या अगदी समोर ठेवला. त्याला ते कळलं. त्या दिवसापासून तांब्याची ती जागा ठरून गेली.

शैलेशने फाट्यावरून घरी आणलेली गाडी दोन महिने अंगणात उभी राहिली. शैलेश म्हणाला, ठेवू, आजोबांची आठवण आहे. हिरामणनेच नको म्हटलं. उभी गाडी त्याला बघवत नव्हती. हायवेला कुणी रिसॉर्ट काढत होता, त्याला फाटकापाशी ठेवायला जुनी गाडी हवी होती. त्याचा माणूस येऊन गाडी बघून गेला. टायर, इंजिन कशाचीही चौकशी त्याने केली नाही. चालवायची नव्हतीच. फक्त म्हणाला, "काचा मात्र एकदम नव्या आहेत. फोटो छान येतील." तिला क्रेनने उचलून नेलं. शैलेशने बापाला त्या दिवशी मुद्दाम बाजारात पाठवलं होतं, पण हिरामण अर्ध्या वाटेतून परत आला आणि क्रेन वळणाआड जाईपर्यंत अंगणाच्या फाटकाला धरून उभा राहिला.

गुणाबाईचा हात जुळला, पण वाकडा जुळला. त्या हाताने तिला टोपली उचलेना. तिचा बाजार सुटला. बाकीच्या बाया पुन्हा पहाटे उठून डांबरी रस्त्यापर्यंत पायी उतरू लागल्या. शैलेशने तिकडे एक टेम्पो पाठवायची व्यवस्था केली होती, थोडे दिवस चालली. मग ड्रायव्हर कंटाळला, आणि दुसरा मिळाला नाही.

उन्हाळ्यात हिरामण सीताबाईला म्हणाला, "मना पाड्यावर ने." दोघं रिक्षाने फाट्यापर्यंत गेली आणि तिथून चालत. सीताबाईने त्याचा डावा हात धरला होता. वाट त्याला ओळखीची असूनही नवी वाटत होती. इतकी वर्षं तो फाट्यावरूनच परत फिरला होता.

गुणाबाई झोपडीच्या सावलीत चिंचा फोडत बसली होती. व्यापारी चिंचा टाकून जातो, त्यातला चिंचोका काढून द्यायचा, असलं बसून करायचं काम तिने आता धरलं होतं. डाव्या हाताने ती दगड मारत होती, उजव्याने कसंबसं चिंच धरून ठेवत होती. हिरामणला बघून तिने पोरीला, सखीला, चहा टाकायला सांगितलं.

"दादा, तू रं कशाला एवढ्या उन्हाचा आलास?"

"यायचंच व्हतं."

"हाताचं मनाला लावून घेऊ नको. म्हातारपनी काय ना काय मोडतंच."

हिरामण जमिनीवर बसला. सीताबाई आत सखीजवळ गेली. त्याने हात पुढे करून चाचपत एक दगड घेतला आणि चिंच फोडू लागला. पहिलाच घाव बोटावर बसला. गुणाबाईने चिंचांचा ढीग त्याच्या बरोबर समोर सरकवला.

दोघं फोडत राहिली. त्याच्या हातून निघालेल्या चिंचेत चिंचोके राहून जात होते. गुणाबाई ते वेचून काढत होती. बऱ्याच वेळाने तिने बोलायला सुरुवात केली. पाड्यावर कुणाच्या पोरीचं लगीन ठरलं, कुणाची बकरी कुत्र्यांनी धरली, कोण वडप्याच्या गोडाऊनला कामाला लागला आणि कोण सोडून आला.

"व्हय का?" हिरामण म्हणाला, आणि पुढची चिंच शोधत त्याचा हात मातीवरून फिरत राहिला.