भावाचा टेम्पो

भट्टीतून निघालेली सळई पिकल्या संत्र्याच्या रंगाची असते. मी ती पहिल्यांदा पाहिली जालन्याच्या एका कारखान्यात, वहिनींसोबत.

माझा मोठा भाऊ गेला आणि त्याचा टेम्पो अंगणात तसाच उभा राहिला. चाकं मातीत रुतली, पत्रा गंजला, तरी वहिनी रोज त्याची काच पुसायच्या. मग एके सकाळी त्याच म्हणाल्या, "भाऊजी, भंगारात देऊन टाकू. पण पुढे त्याचं काय होतं ते मला बघायचंय."

कारखान्यात आम्हाला लांबच उभं केलं. क्रेनच्या चुंबकानं टेम्पोचे तुकडे उचलले. त्यांना चिकटून कुणाची तरी सायकल आली, कुणाच्या तरी खिडकीचे गज आले, आणि सगळं एकाच भट्टीत गेलं. मला वाटलं, नव्या लोखंडासाठी आपण डोंगर फोडतो, कोळशाचे ढीग जाळतो. आणि दारातलं हे जुनं लोखंड मात्र नुसतं वितळवलं तरी पुन्हा कोरं होतं. माणसाला ती सोय नाही.

वहिनींनी तिथल्या सुपरवायझरला विचारलं, "या सळया कुठं जातात?"

"घरांना, पुलांना, शाळांना. पण ताई, तुमचं लोखंड नेमकं कुठं गेलं, ते नाही सांगता यायचं."

"नका सांगू," वहिनी म्हणाल्या. "कामाला लागलं, एवढं पुरे."

परतीच्या एसटीत त्या खिडकीला डोकं टेकून गाढ झोपल्या. मी उठवलं नाही. गाव यायला अजून वेळ होता.