अण्णांची उन्हातली डाळ

गॅसच्या धंद्यात केस पांढरे केलेला हा माणूस दर शुक्रवारी स्वतःची डाळ मात्र उन्हात शिजवायचा. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. आखातात, मिरकाबमधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर नाशिकहून आणलेला आरशाचा सौर कुकर मांडून देवरेअण्णा शेजारी खुर्ची टाकत. ऊन सरकलं की कुकर सरकायचा, त्यामागे खुर्ची, तिच्यामागे आशाळभूत मी.

"अण्णा, भुकेनं जीव चाललाय."

"जाऊ दे. डाळ शिजेपर्यंत परत येईल."

या खुळाचं मूळ आफ्रिकेत होतं. अण्णा तिथे एका युरोपीय कंपनीच्या प्रकल्पावर होते. गॅस जहाजानं युरोपला जायचा, उरलेला उंच धुराड्याच्या टोकाशी रात्रंदिवस जळायचा. कुंपणाबाहेरची एक बाई त्या धगीवर कंदांचा कीस वाळवायची आणि घरची चूल लाकडांवर पेटवायची. "दारात एवढी आग, अन् बाई सरपणासाठी वणवण!" हे अण्णा आम्हाला चहा पितानाही सांगत.

त्याच कंपनीचा गोरा साहेब एका शुक्रवारी गच्चीवर जेवायला आला. त्याला अण्णांना त्या प्रकल्पाचं प्रमुख करायचं होतं. इकडे अण्णांचा करार संपलेला, इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपत आलेला. ही नोकरी नाही, तर थेट नाशिक. साहेब कौतुकानं आपल्या देशातल्या नव्या पवनचक्क्यांबद्दल बोलत होता.

"म्हणजे वारा तुम्हाला, धूर त्यांना," अण्णा हसले. "वाटणी झकास आहे!"

तेवढ्यात धुळीचं वादळ उठलं. सूर्य गडप, डाळ कच्ची. सगळे खाली आमच्या घरी पळालो. बायकोनं ती डाळ गॅसवर चढवली.

साहेब खूश. "शेवटी गॅसच लागला ना, मिस्टर देवरे?"

"लागतोच की! त्या बाईलाही लागतो. कुंपणाबाहेरच्या गावाला एक लाइन द्या, उद्या निघतो."

मी असतो तर भात वाढण्याआधीच सही केली असती.

साहेब म्हणाला, विचारून कळवतो. कळवलं ते असं, की प्रकल्पात तशी तरतूद नाही. अण्णांनी बॅगा भरल्या. कुकर आमच्या दारात ठेवून म्हणाले, "ऊन फुकट आहे. धीर तेवढा तुझा घाल."

आता अण्णा नाहीत. कुकर आहे. आभाळ झाकोळलं की मी डबे उचलून आत धावतो. शेगडी पेटवताना बायको दरवेळी विचारते, "पोचली असेल का हो, त्या बाईकडे लाइन?"

मग मी भुकेचं काही बोलत नाही.