घाटावर गेलेला चेडा

आमच्या घाटावरच्या कॉलेजात दरवर्षी समाजशास्त्रातल्या उत्तम विद्यार्थी-संशोधनाला ढाल मिळायची. ढाल गेली खड्ड्यात. पण ती मिळवणाऱ्याची एम.ए.साठी विभागप्रमुख शिफारस करायचे, आणि ती शिफारस मला हवी होती. नाहीतर बी.ए. होऊन तारकर्लीला परत, आणि तिथं माझं लग्न उरकायला मामा टपून बसलेला. साठ साल उजाडायच्या आधीच्या या गोष्टी.

मी आमच्या रापणीवर लिहिलं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं. दोराला हात लावेल त्याला वाटा मिळतो, म्हातारीलासुद्धा. कोणाला किती आणि का, हे मी घरोघर फिरून लिहून काढलं होतं. विभागप्रमुख सरांनी दोन पानं चाळली आणि म्हणाले, "बाई, हे तुमच्या घरचं वर्णन झालं. संशोधनाला अंतर लागतं."

अंतर असलेला विद्यार्थी त्यांना सापडला. शहरातल्या बड्या वकिलाचा मुलगा, विषय किनारपट्टीतल्या अंधश्रद्धा. हातात छापील प्रश्नावली घेऊन हा तीन दिवस तारकर्लीत राहून आला. प्रश्न विचारायला आमचंही घर मीच सुचवलं होतं, हा माझा शहाणपणा. मी परीक्षेसाठी वसतिगृहातच होते. तो घरी गेला तेव्हा थोरली बहीण बाजारात मासे विकायला, धाकटी शाळेत. आईनं त्याला सुरमई तळून वाढली आणि विचारेल त्याचं उत्तर दिलं.

ढाल देण्याच्या दिवशी त्यानं निबंधातला उतारा वाचून दाखवला. "घर क्रमांक सात. अपत्ये नाहीत. गृहिणीच्या सांगण्यानुसार घरात तीन चेडे आहेत. पैकी एक घाटावर निघून गेला असून दोन अद्याप घरातच वास करतात." सभागृहात कोणी हसलं, कोणी चुकचुकलं. सरांनी मान डोलावली.

आई काय म्हणाली असेल ते मला बसल्या जागी ऐकू आलं. "माका तीन चेडवां. एक घाटार गेलां, दोन घरात आसत." चेडू म्हणजे आमच्याकडे मुलगी. या दिवट्यानं कोश उघडला, त्यात चेडा म्हणजे पिशाच्च असं वाचलं आणि आम्हा तिघी बहिणींची भुतं करून टाकली. समोर बसलेल्या बाईला परत एकदा विचारायची तसदी कोण घेतो? घाटावर गेलेलं भूत तिसऱ्या रांगेत बसलं होतं.

मी सरांकडे गेले. चेडू म्हणजे काय ते सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "निकाल लागलाय. आणि तुम्ही माहिती देणाऱ्यांच्या बाजूच्या. आता तुमचा आक्षेप तटस्थ कसा मानायचा?" वर म्हणाले, माझं अक्षर चांगलं आहे, निबंध छापायला द्यायचाय, स्वच्छ प्रत मीच करून द्यावी. शब्दही बदलायचा नाही. एम.ए.ला एक जागा अजून रिकामी आहे, ती लक्षात ठेवतील.

सरांचा मला मनस्वी तिरस्कार वाटला. त्या मुलाची तर कीवच आली. पण प्रत मी केली. घर क्रमांक सातपाशी लेखणी थांबली, थांबली म्हणजे शाई वाळेपर्यंत थांबली. मग 'अपत्ये नाहीत' हे मी वळणदार अक्षरात लिहिलं, पुढचे तीन चेडेही लिहिले. एका अक्षराचा फरक केला नाही. जागा मिळाली.

सुट्टीत घरी गेले तेव्हा छापील पुस्तिका बरोबर होती. आईला वाचता येत नव्हतं. तिनं हात पदराला पुसून ती घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, "गो, ह्याच्यात तुजा नाव आसा?"

"आमी तिगांय आसव," मी म्हटलं. तिनं ती पुस्तिका देवापुढे नेऊन ठेवली.