मैनेच्या अंगावरची कड

गेल्या पावसाळ्यात इथं ब्लॉगवर मी माझ्या 'मैने'चा फोटो टाकला होता. दुधावरच्या सायीच्या रंगाची, नुकती रंगवून बाहेर काढलेली गाडी. खाली सगळ्यांनी 'लई भारी शेठ' लिहिलं. एकाच बाईंनी विचारलं, "चालते का?" मी लिहिलं, "पळते." दोन दिवसांनी त्यांचा फोन.

सुनंदाताई. अकोले तालुक्यात राजूरच्या पुढं राहतात, शाळेतून निवृत्त झाल्यात. म्हणाल्या, "या गाडीचा आकार माझ्या वडिलांनी कागदावर उतरवलाय."

मी खुर्चीत सरळ बसलो. मैना बनवणारी मुंबईकडची कंपनी बंद पडून जमाना झाला. ही गाडी मला श्रीगोंद्याच्या एका डॉक्टरांच्या गोठ्यात सापडली, आत कोंबड्या अंडी घालत होत्या. इंटरनेटवर तिचा धड फोटोही नाही. आणि इथं तिचा बाप जिवंत!

"आप्पांची नजर गेलीय," ताई म्हणाल्या. "मैना सगळ्या भंगारात गेल्या असं ते धरून चाललेत. एकदा तरी एकीवर हात फिरवायचाय म्हणतात. पण टेम्पोत घालून आणू नका हं. आपल्या चाकांवर आली तरच खरी, असं त्यांचं म्हणणं."

त्याच दिवशी ठरवलं, पाऊस सरून भातं कापली की जायचं. मी हायवेच्या ढाब्यावर ट्रक धुण्यापासून सुरुवात केलेला माणूस. आज मिरजगावात स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. ते गाड्यांनी दिलं. गाडीवाल्याला नाही म्हणणं मला जमत नाही.

सोबत नामदेव मिस्त्री. आमच्याकडचा डेंटिंग-पेंटिंगचा राजा. मैनेचा पत्रा त्यानंच ठोकून सरळ केला, रंगही त्याचाच. "म्हाताऱ्यानं हात फिरवल्यावर इचारलंच पायजे, ह्यो कोणाचा हात," असं म्हणत तो इस्त्रीचा शर्ट घालून हजर.

दिवस पहिला. उजाडताना निघालो. मिरजगाव ते नगर रस्ता आता झकास आहे. जुन्या गाडीनं जाणार असाल तर पन्नास-पंचावन्नच्या वर नेऊ नका आणि ऊन चढायच्या आत नगर गाठा. पेट्रोल तिथंच भरून घ्या. मैना लिटरला दहा-अकरा देते, त्यामुळं पंपवाले आपल्याला नमस्कार करतात.

एक गोष्ट मला सारखी खटकत होती. चाळिशीच्या वर गेलं की डाव्या बाजूची दारं घुमायची. सैल हलगीवर कुणी बोट फिरवावं तसा आवाज. उजवीकडं चिडीचूप.

"मिस्त्री, डावीकडं काय बोलतंय?"

"जुनं मानूस कन्हतंच, शेठ."

"उजवीकडचं जुनं नाही का?"

"ते सोशिक हाय."

घोडेगावावरून आत वळून शनिशिंगणापूर केलं. मिस्त्रीचा हट्ट. लोखंडाचं काम करणारा माणूस शनीला वळसा घालून जाणार नाही. पार्किंगला गाडी लागायच्या आत तेलवाले भोवती जमतात. भाव आधी विचारा, हसत विचारा, बरोबर देतात. तेल वाहून आल्यावर मिस्त्री बिनदाराच्या घरांकडं बघत म्हणाला, "शेठ, हे गाव बरं हाय. दारच न्हाई तर घुमंल काय?"

राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर. उसाचे दिवस, सगळीकडं बैलगाड्या आणि ट्रॅक्टर. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, चाकांच्या कण्याची लोखंडी टोकंही बाहेर. शेजारून जाताना मी श्वास आत ओढत होतो, जणू त्यानं गाडी बारीक होणार आहे. संगमनेरला जेवण उरकून घ्या, पुढं घाटाकडं वेळेवर मिळेलच असं नाही. राजूरला मुक्कामाला खोली साधी पण स्वच्छ मिळाली, गरम पाण्याची बादली मागावी लागते एवढंच.

दिवस दुसरा. सकाळी राजूरच्या स्टँडवर चहा पिताना जीप भरत होती. एक आजी नऊवारीत, डोक्यावर गाठोडं, आणि चढल्या कशा, तर घराची पायरी चढावी तशा. जीपच्या मागं ठेंगणी, रुंद पायरी होती. पुढची जीप बघितली, तिलाही तशीच. ड्रायव्हरला विचारलं.

"आप्पा पायरी म्हनत्यात हिला. हिकडच्या समद्या गाड्यांना असती. लुगड्यात पाय अडकत न्हाई."

"कोण आप्पा?"

"असतील कुनी. आमी बॉडीवाल्याला एवढंच सांगतो, आप्पा पायरी बसव."

आम्ही ज्यांच्याकडं चाललो होतो तेच हे आप्पा. ताईंनी नंतर सगळं सांगितलं. पोरवयात आप्पा मुंबईला गेले, आधी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मग कंपनीच्या ड्रॉइंग खात्यात लागले. मैना त्यांची पहिली आणि शेवटची मोटार. कंपनी बुडाल्यावर दुधाच्या गाड्या, अँब्युलन्स, एसटीसारख्या बसच्या बॉड्या, जे काम येईल त्याचा आकार काढला. गावी परतल्यावर या जीपगाड्यांना पायरी दिली. नाव कुठंच लागलं नाही. पायरीला लागलं तेवढंच.

राजूरच्या पुढचा रस्ता अरुंद पण देखणा. भाताची खाचरं नुकती कापून झालेली, बांध उघडे पडलेले. डोंगराच्या अंगावर कुणी बोटानं रेघा ओढाव्यात तसे वळणावळणाचे बांध. 

आप्पा ओसरीवर खुर्ची टाकून बसलेले. गाडी अंगणात वळली तसा त्यांनी हात वर केला. "बंद करू नका. चालू राहू द्या जरा." मान कलती करून ऐकत राहिले. मग ताईंचा हात धरून उतरले.

आधी बॉनेट. दोन्ही तळवे टेकवून उभे राहिले, चेहऱ्यावर हसू. "नाकाशी जरा रुसलेली. हो, हीच." दिव्याच्या गोलावरून बोटं फिरली. मिस्त्री शर्ट खाली ओढून ताठ उभा. हात मडगार्डवरून दारावर गेला, थांबला, परत मागं आला, पुन्हा पुढं गेला.

हसू गेलं.

"सुनंदा, ही माझी नाही."

"आप्पा, असं काय..."

"ही दुसऱ्या कुणाची तरी आहे. घरात ने मला."

अंगणात फक्त इंजिनाचा आवाज. जिल्ह्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रस्ता कापून आलो होतो, आणि म्हातारा पाठ फिरवून चाललेला. मी पुढं झालो. "आप्पा, काय नाही तिच्यात, तेवढं सांगा."

"कड नाही. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत पत्र्याला एक कड होती. मागच्या दाराशी जराशी उतरणारी. त्या कडेसाठी मी साहेबांशी भांडलोय. मैना म्हणजे ती कड. बाकी डबा."

मी मिस्त्रीकडं बघितलं. मिस्त्री स्वतःच्या चपलांकडं बघत होता.

"मिस्त्री?"

"शेठ... ती कड व्हती व्हय?" आवाज पार खाली. "मला वाटलं, उसाची बैलगाडी घासून गेली. कन्याचं टोक लागल्यावर अशीच रेघ उमटती. सरळबी नव्हती, मागं उतरलेली. आमच्याकडं अशा धा गाड्या येत्यात. मी ठोकून सपाट केली."

"दोन्ही बाजूंना एकसारखी बैलगाडी घासली?"

"कारखान्याच्या रस्त्याला दोन्हीकडनं गाड्या असत्यात की!"

आप्पा ओसरीच्या पायरीवर थबकले होते. त्यांच्या खांद्याला हिसका बसला. मला वाटलं, रडतायत. हसत होते. "बैलगाडी! साहेबसुद्धा इतकं वाईट बोलला नव्हता."

आणि तेवढ्यात माझ्या कानात डावीकडची घूम परत वाजली. कालपासून ऐकत होतो, पण उजवी बाजू का घुमत नाही, याचा विचार केला नव्हता.

"मिस्त्री, खरं सांगा. उजवी बाजूही ठोकली?"

त्यानं कान धरले. "डावी ठोकली. उजवीकडं येस्तोवर खांदा भरून आला. तिकडं नुस्ती पुट्टी भरली, वरनं रंग."

"मग कड खाली आहे!"

आप्पांनी हात पुढं केला. "खुर्ची आण, सुनंदा. उजव्या बाजूला ठेव."

मिस्त्रीनं शर्ट काढून पेरूच्या फांदीला टांगला. पटाशी आणि पॉलिश पेपर घेऊन स्वतःचंच काम स्वतः खरवडायला बसला. सायीचा रंग, खाली गुलाबी पुट्टी, त्याचा भुगा अंगणभर. दर थोड्या वेळानं आप्पा विचारायचे, "लागली का?" मिस्त्री म्हणायचा, "येतीय, आप्पा. पायाळू हाय, दमानं येतीय."

पत्रा चमकला. आप्पांनी वाकून बोट टेकवलं आणि हळूहळू मागं नेत राहिले. मागच्या दाराशी बोट आपोआप खाली उतरलं. 

"हा समोरचा बांध आहे," त्यांनी न बघता खाचराकडं हात केला. "आमचाच. पातळ पत्रा सपाट ठेवला तर घुमणार, हे मला कळत होतं. त्याला कुठंतरी मोड द्यायला हवा होता. ड्रॉइंगच्या टेबलाशी बसल्यावर दुसरी कुठली रेघ हाताला येईना. बांध पाणी धरतो, तसा हिनं पत्रा धरावा."

मग ते गाडीत बसले. अर्थात उजवीकडं, मागच्या दाराशी. जवळच्या धरणाच्या कडेनं शेंडी गावापर्यंत फिरवून आणलं. खिडकीतून हात बाहेर काढून कडेवर ठेवलेला. वाटेत डावीकडची दारं घुमायला लागली तसे म्हणाले, "ती बाजू बैलगाडीची." मिस्त्रीनं कपाळाला हात लावला.

दुपारी काळभात या तिथल्या तांदळाचा मऊ भात, कुळथाचं पिठलं, नागलीची भाकरी. तुम्ही त्या बाजूला गेलात तर भात तिथूनच घ्या, बाजारात त्या नावानं काहीही विकतात. निघताना मिस्त्रीनं जुन्या पुठ्ठ्यावर उजव्या कडेचा छाप कापून घेतला आणि तो वाटभर मांडीवर धरून बसला. 

घरी येऊन आता महिना होत आला. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो, एवढी चांगली गाडी खरवडून का ठेवलीय? मी त्यांना दाराशी नेतो, बोट फिरवायला लावतो. आपल्या रस्त्यांवरून जाणाऱ्या कितीतरी वस्तूंना कुणाची तरी रेघ असेल. हल्ली मी दुधाच्या गाडीमागं अडकलो तरी हॉर्न वाजवत नाही, तिच्या गोल कोपऱ्यांकडं बघत बसतो.

मिस्त्री रोज संध्याकाळी डावी बाजू घडवतो. पुठ्ठा लावायचा, दोन ठोके, परत पुठ्ठा. परवा म्हणाला, झाली. सोलापूर रस्त्याला चक्कर मारली, डाव्या दारांशी मोबाईल धरून आवाज टिपला आणि ताईंना पाठवला.

काल आप्पांचाच फोन आला. "पुढचं दार माझं झालं. मागचं अजून थोडं बोलतंय. मिस्त्रींना सांगा, उतार लवकर घेतलाय. चार बोटं मागं."

मी निरोप सांगितला. मिस्त्रीनं चहाचा कप खाली ठेवला. दारावर चार बोटं आडवी लावली, खडूनं खूण केली.

"कानानं बघतंय म्हातारं," म्हणाला, आणि हातोडी उचलली.