सी वाढवायला गेलो आणि डी गेली

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये मी कॉम्प्युटरमधला जाणकार समजला जातो. याला कारण एक प्रिंटर. काही वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांच्या खोलीतला प्रिंटर चालेना. तिघांनी हात टेकले. मी टेबलाखाली वाकून पाहिलं तर वायर निघाली होती. मी ती लावली, पण वर येताना चेहरा गंभीर ठेवला आणि म्हणालो, “ड्रायव्हरचा प्रॉब्लेम होता.” तेव्हापासून गणित शिकवणाऱ्या माझ्यापुढे लोक आपापले मोबाइल धरतात आणि मी चष्मा कपाळावर चढवून “हं” म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी शाळेत संगणकाच्या नव्या बाई आल्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या घरातल्या. घरी तेलुगू, शाळेत मोजकं मराठी. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना रॅम आणि हार्ड डिस्क यांतला फरक फळ्यावर चित्र काढून समजावून दिला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्या याच विषयात एमएस्सी आहेत, हे मला शिपायाकडून कळलं.

एवढं सांगितलं की पुढचं समजायला सोपं जाईल.

आमच्या घरच्या लॅपटॉपची सी ड्राइव्ह भरली होती. तिच्याखालची पट्टी लाल झाली होती आणि निकालपत्रकं सेव्ह होईनात. शेजारची डी ड्राइव्ह मात्र जवळजवळ रिकामी. तिच्यात महत्त्वाचं असं एकच होतं : ‘गाव’ नावाची फाईल.

ती फाईल मामांची. मामा म्हणजे माझे सासरे. त्यांचं मूळ गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हापासून ते करमाळ्याकडे नव्या गावठाणात राहतात. मागच्या उन्हाळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते आमच्याकडे महिनाभर राहिले होते. डोळ्याला पट्टी, त्यामुळे ना पेपर ना टीव्ही. एके दिवशी बायकोला म्हणाले, “बस हितं. आपलं गाव सांगतो, लिवून घे.” वेशीपासून सुरुवात करून ते एकेक घर सांगत गेले. कुणाचं दार कुठल्या तोंडाला, कुणाच्या परसात चिंच, कुणाच्या घरी धान्याचं पेव. बायको लॅपटॉपवर टाइप करत गेली. चौसष्ट घरं झाली.

एप्रिलमधला रविवार होता. बायको एका लग्नाला गेली होती. मी पंख्याखाली बनियनवर बसलो आणि ठरवलं, ती यायच्या आत सी मोठी करून ठेवायची. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस डी काढून टाकत होता, मोकळी झालेली जागा सीला जोडत होता, आणि हे सगळं चार मिनिटांत.

मी काही अगदीच बेसावध नव्हतो. आधी ‘गाव’ पेन ड्राइव्हवर घ्यायला हवं, हे मला कळत होतं. डेस्कटॉपवर ‘गाव’चं चित्र होतंच. ते मी उचललं आणि पेन ड्राइव्हमध्ये टाकलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत कॉपी झालं. आपला लॅपटॉप अजून किती तल्लख आहे, याचं मला कौतुक वाटलं. त्या चित्राच्या कोपऱ्यात एक छोटा बाण होता. तो मला वर्षभर नक्षी वाटत आला होता.

मग मी डीवर जाऊन ‘डिलीट’ दाबलं. आतला सगळा डेटा जाईल, चालेल का, अशी पाटी आली. अशा पाट्या घाबरट लोकांसाठी असतात. मी ‘येस’ केलं.

आता फक्त सी वाढवायची होती. पण सीवर गेलो तर ‘एक्स्टेंड’ हा शब्द फिकट पडलेला. दाबला तरी दबेना. व्हिडिओतल्या माणसाचा दबत होता. नीट पाहिल्यावर कळलं की माझ्या लॅपटॉपमध्ये सी आणि मोकळी झालेली जागा यांच्या मधे आणखी एक बारीक पट्टी होती, लॅपटॉप बिघडला तर परत उभा करण्यासाठी आधीपासूनच ठेवलेली. सी आपल्याला लागून असलेली जागाच घेऊ शकते. मधलं ओलांडून पलीकडचं तिला घेता येत नाही. मी लॅपटॉप तीनदा बंद करून चालू केला. एकदा उजव्या हाताऐवजी डाव्या हाताने दाबून पाहिलं, हेही कबूल करतो. दीड तास गेला.

शेवटी मनाला धीर म्हणून पेन ड्राइव्ह उघडून ‘गाव’ पाहायला गेलो. उघडेना. फाईल सापडत नाही म्हणे. तिचा आकार पाहिला : एक केबी. चौसष्ट घरं एक केबीत मावणार नाहीत, एवढं गणित तरी मला यायला हवं होतं. मी कॉपी केली होती ती फाईल नव्हतीच, फाईलकडे बोट दाखवणारी नुसती खूण होती. त्या बाणाचा अर्थ तो.

बायको आली तेव्हा मी लॅपटॉप मिटून त्यावर पेपर पसरून वाचत बसलो होतो. “काय करताय?” तिने विचारलं. “अपडेट चाललंय,” मी म्हणालो.

संध्याकाळी मामांचा फोन आला, आणि तोही माझ्याच मोबाइलवर.

“जावयबापू, त्ये गावाचं कागुद छापून आना की. जत्रंला समदी येत्यात. दावतो.”

“आणतो की, मामा,” मी म्हणालो. आवाज असा निघाला की बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. पंचवीस वर्षांचा संसार आहे. तिला त्या आवाजाची ओळख आहे. फोनवर हात ठेवून मी तिला सगळं सांगून टाकलं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. माझ्या हातातून फोन घेतला, स्पीकरवर टाकला आणि वडिलांना म्हणाली, “दादा, ते लिहिलेलं गेलं. यांच्या हातून पुसलं.”

एवढं बोलून ती रडू लागली. पलीकडे शेळी ओरडत होती.

“मग रडतीस का?” मामा म्हणाले. “मी हाय न्हवं अजून? वही घे. हां, येशीतनं आत आलं की उजव्या अंगाला पयलं घर...”

ती जमिनीवर बसून लिहू लागली. माझ्या लायकीचं काम म्हणून मी पेनाचं टोपण धरून बसलो. आठ घरं झाली. मग मामा म्हणाले, “आनि त्येच्या लगत माज्या भावाचं घर.”

बायकोचं पेन थांबलं. मागच्या वेळी या ठिकाणी मामांनी “मग मोकळी जागा” असं सांगितलं होतं आणि तिने तसंच टाइप केलं होतं. नव्या गावठाणात प्लॉट मिळाले तेव्हापासून दोघं भाऊ बोलत नव्हते. धाकटे श्रीपूरच्या साखर कारखान्यात लागले आणि तिकडेच राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप पिशवीत घालून शाळेत नेला आणि मधल्या सुट्टीत संगणकाच्या बाईंपुढे उभा राहिलो. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं.

“सर, डी काढल्यावर त्या जागेत नवीन काही केलं का? फॉरमॅट वगैरे?”

“करायचं होतं. जमलं नाही.”

“काहीच जमलं नाही?”

“काहीच नाही. दीड तास प्रयत्न केला.”

“मग वाचलं,” त्या म्हणाल्या.

त्यांनी समजावून सांगितलं, आणि या वेळी मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ड्राइव्ह काढून टाकली की फक्त डिस्कवरच्या यादीतली तिची नोंद जाते. आतलं सगळं जागेवर असतं, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही तोपर्यंत. माझं ‘एक्स्टेंड’ दबलं असतं तर गाव परत मिळणं अवघड होतं. त्यांनी त्यांचा पेन ड्राइव्ह लावला, एक सॉफ्टवेअर चालवलं. अर्ध्या तासाने हरवलेली डी यादीत दिसली, त्यांनी ती परत बसवली, आणि ‘गाव’ उघडलं. चौसष्ट घरं.

आभार मानायचे होते. तोंडातून निघालं, “मला वाटलंच होतं, नोंदच गेली असणार.”

बाईंनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. “आता सीमध्ये एवढं काय भरलंय ते बघू या का?”

बघितलं. ‘डाउनलोड्स’मध्ये शिक्षण खात्याची तीच ती परिपत्रकं आठ-आठ, नऊ-नऊ वेळा उतरवलेली होती, आणि उरलेली जागा लॅपटॉप जलद कसा करावा या विषयावरच्या व्हिडिओंनी खाल्ली होती. बाईंनी ते माझ्या परवानगीने पुसले. सी निम्मी रिकामी झाली. पार्टिशनला हात लावायची गरजच नव्हती.

बायकोने जुन्या फाईलमध्ये वहीतलं चुलत्यांचं घर घातलं, आता पासष्ट झाली. जत्रेच्या आदल्या दिवशी आम्ही छापील कागद घेऊन मामांकडे गेलो. ते ओट्यावर बसून बोटाने ओळी धरत वाचू लागले. भावाच्या घरापाशी, त्याच्या विहिरीच्या ओळीवर आले आणि अडले.

“हिरीच्या पायऱ्या कुन्या अंगाला व्हत्या गं? तुज्या चुलत्याला म्हाईत आसल.”

मग त्यांनीच मुलाला, म्हणजे माझ्या मेव्हण्याला, भावाचा नंबर लावायला सांगितलं. पलीकडून “हॅलो” आलं, आणि मामांनी ना रामराम केला ना ख्यालीखुशाली विचारली. “आरं, तुज्या हिरीच्या पायऱ्या उगवतीला का मावळतीला?”

उत्तर काय आलं ते आम्हाला ऐकू गेलं नाही, पण मामा उसळले. “येड लागलं का तुला? उगवतीला कशा आसतील? सकाळचं ऊन डोळ्यावर यायचं की पानी भरताना!” वीस मिनिटं दोघं भांडले. आता आठवड्यातून दोनदा फोन होतो आणि दर वेळी भांडण होतं. पायऱ्यांवरून गाडी चिंचेवर गेली आहे.

परतताना एसटीत मी बायकोला म्हणालो, “तसं बघायला गेलं तर, मी डी पुसली नसती तर...”

“खिडकी लावा,” ती म्हणाली. “धूळ येतीय.”