शेतीचं सामान, नग एक

शाबासकी मिळालेल्या केसेस मला सांगाव्या लागत नाहीत. त्या घरचेच सांगतात, आल्यागेल्याला, चहाबरोबर, माझ्यापेक्षा जास्त रंगवून. ही केस घरात कुणाला ठाऊक नाही. हिच्यात कुणी मेलं नाही, काही चोरीला गेलं नाही, कुणाला शिक्षाही झाली नाही. आम्ही सगळं नियमाप्रमाणे केलं होतं. तरीही नोकरीतल्या कुठल्या गोष्टीची लाज वाटते असं कुणी विचारलं, तर मला हीच आठवते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिक जिल्ह्यात, मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. कांद्याचे दिवस होते. लासलगावकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांच्या रांगा, रस्त्यावर सांडलेला कांदा, त्यावरून घसरलेल्या मोटारसायकली आणि त्यावरून झालेली भांडणं, असा आमचा रोजचा कारभार. अशात एक दिवस नाशिकहून फोन आला. एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल उतरवताना लाकडी खोक्याची फळी निघाली आणि हमालाला आत गोणपाटात गुंडाळलेली दुनळी बंदूक दिसली. तो खोकं तिथंच टाकून पळाला आणि गोदामातल्या कुणीतरी पोलिसांना कळवलं. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, लिहिलं होतं, ‘शेतीचं सामान, पाइप, नग एक’. बुकिंग आमच्या हद्दीतलं, म्हणून तपास आमच्या गळ्यात आला.

त्या वर्षांत हत्यार म्हटलं की ठाण्याचा फोन खाली ठेवायची सोय नसे. वरिष्ठ म्हणाले, "खोटं नाव लिहून हत्यार चाललंय. आधी माणूस ताब्यात घ्या, बाकी मग बघू." माणूस शोधायला अक्कल लागली नाही. खोक्यातच परवान्याची झेरॉक्स होती आणि तिच्यावर नाव, गाव, फोटो. आपला फोटो घालून चोरटं हत्यार पाठवणारा गुन्हेगार कसला, हे मलाही कळत होतं. पण परवान्याच्या आडून उद्योग करणारेही मी पाहिले होते, आणि संशय घेण्याचाच तर मला पगार होता.

गाव डोंगराच्या पायथ्याशी. आम्ही पोहोचलो तेव्हा आठवडे बाजार भरलेला. ज्याला शोधत होतो तो माणूस पिशवीत मेथीची जुडी घालत उभा होता. सैन्यातून निवृत्त झालेला, पांढऱ्या मिशा, पाठ ताठ. आमच्याकडे सैन्यातून आलेला कुणीही, हुद्दा काही का असेना, गावाचा मेजर असतो. हेही मेजरच. मालेगावच्या एका बँकेत ते रखवालदार होते आणि स्वतःची परवान्याची बंदूक आहे म्हणून ती नोकरी होती. जीप थांबली तसा त्यांनी आधी मला कडक नमस्कार केला. त्यांना वाटलं, मी रस्ता विचारायला थांबलोय.

"तुमची बंदूक कुठंय?" मी विचारलं.

"पुण्याला दुरुस्तीला धाडलीय, साहेब. का वं?"

"चला, जीपमध्ये बसा."

भाजीवाल्या बायका, पोरंटोरं, कोपऱ्यावरचा सलूनवाला, सगळे बघत होते. मेजरांनी मेथीची पिशवी शेजारच्या बाईकडे दिली आणि म्हणाले, "घरी दे गं." बाई पिशवी घेताना दोन पावलं मागं सरकली. ते मी पाहिलं आणि मेजरांनीही पाहिलं.

ठाण्यात त्यांनी सगळे कागद काढून दिले. परवाना चालू. बंदूक दुरुस्तीसाठी पुण्याच्या परवानाधारक दुकानात पाठवायला जिल्हाधिकारी कार्यालयाची लेखी परवानगी, तीही शिक्क्यासकट. एक नळी झिजली होती, नाशिकच्या दुकानदारानं हात टेकले होते आणि बँकेनं बजावलं होतं की चालती बंदूक दाखवा, नाहीतर घरी बसा.

"मग स्वतः का नाही घेऊन गेलात?" मी विचारलं.

"गेलतो ना, साहेब. एसटीत बसलो. कंडक्टरला परवाना दाखवला. तो बरा मानूस, पन मागची बाई वरडली, ह्याच्याकडं बंदूक हाय. सगळी गाडी उभी ऱ्हायली. मला मधल्या स्टँडवर उतरवलं. सोळा-सतरा वर्सं बंदूक खांद्याला लावून देशाची राखन केली, तवा लोकं पानी आनून द्यायची."

मग ते पोस्टात गेले. पोस्टमास्तरांनी हात जोडले. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात एक बाबू म्हणाला चालतं, दुसरा म्हणाला वरून लिहून आणा, आणि वर कोण ते दोघांनाही सांगता येईना. कुरिअरवाल्यानं तर बंदूक हा शब्द ऐकल्यावर शटरच ओढलं. कायदा म्हणत होता पाठवा, आणि घ्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी हायवेवरच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यानं खोकं घेतलं.

"पाइप म्हणून खोटं सांगितलंत, म्हणून घेतलं," मी म्हणालो.

मेजर खुर्चीवरून उठलेच. "मी खोटं बोललो नाय. जे हाय ते सांगितलं. त्यानं घेतलं."

ट्रान्सपोर्टचा बुकिंग क्लार्कही आणला होता. तिशीतला, चुणचुणीत, दिवसभर बोलून घसा बसलेला. तो देवाशपथ सांगत होता, "साहेब, बंदूक म्हणाले असते तर मी खोक्याला हात लावला असता का? मला बायको-पोरं आहेत. पाइप म्हणूनच बोलले."

दोघांना वेगळं बसवलं, वेगळे जबाब घेतले. माझा अनुभव असा की खोटं बोलणाऱ्याची हकीकत दुसऱ्यांदा जास्त गुळगुळीत होते. ह्या दोघांची होत नव्हती. दोघेही चिडत होते, अडखळत होते, आणि पुन्हा त्याच जागी येत होते. रायटरनं जबाब लिहिले, ‘सदर इसमाने सदरहू वस्तू बंदूक असल्याचे सांगितले’ आणि ‘सदर इसमाने सदरहू वस्तू शेतीचे पाइप असल्याचे सांगितले’. कागदावर दोघांपैकी एक नक्की खोटारडा होता, आणि नाशिकहून दर तासाला विचारणा होत होती की म्हाताऱ्यानं कबूल केलं का.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाबाहेर एक बाई डबा घेऊन उभी दिसली. मेजरांची मालकीण. डोक्यावरचा पदर दुसऱ्या हातानं घट्ट धरलेला. तिच्या धुळीनं भरलेल्या पायांवरून दिसत होतं की गावातून इथवर ती कुणाच्या गाडीवर आलेली नाही. मी म्हटलं, आत या. ती आली नाही.

"साहेब, येक इचारू? त्यांना आजवर कुनी अरे-तुरे केलं नाय. आत कोन करतंय का?"

आत आमचा एक शिपाई त्यांना ‘ए म्हाताऱ्या’ म्हणूनच हाक मारत होता. हाक फाटकापर्यंत ऐकू येत होती, म्हणजे तिनंही ऐकली होती. तरी तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी आत गेलो, शिपायाला सगळ्यांसमोर झापलं आणि मेजरांना ‘अहो’ म्हणायला लावलं. बाहेर आलो तेव्हा ती डबा कट्ट्यावर ठेवून गेली होती.

दुपारी मी दोघांना समोरासमोर उभं केलं. खरं म्हणजे मला दुसरं काही सुचत नव्हतं. रायटरला पेन खाली ठेवायला सांगितलं आणि क्लार्कला म्हणालो, "त्या दिवशी हे काय म्हणाले त्याचा अर्थ सांगू नकोस. तोंडातून जे शब्द निघाले तेच बोलून दाखव."

क्लार्कनं डोळे मिटले. "हे आले. काउंटरवर ट्रकवाल्यांची गर्दी होती. मी म्हटलं, काय आहे? हे बोलले, बारा बोअरची हाय, दुरुस्तीला चाललीय."

"मंग! बोललो ना!" मेजर ओरडले. "सांगा साहेबांना!"

"सांगतोच आहे ना! मी म्हटलं, आत काय काय आहे? हे बोलले, दोन नळ्या हायेत, जपून न्या. कागद दाखवू का म्हणाले. मी म्हटलं, कागद नकोत, ठिकाण सांगा." क्लार्कनं डोळे उघडले. "साहेब, ह्या भागात रोज बोअरचंच सामान येतं. नळ्या, मोटारी, केबल. मला वाटलं, बारा बोअर मारलेत म्हणजे मोठा बागायतदार दिसतोय."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग रायटर फिसकन हसला. त्याच्यामागून शिपाई, मग क्लार्क, आणि मीही. अख्खं ठाणं हसायला लागलं. सैन्यात आणि बंदुकीच्या दुकानात ‘बारा बोअर’ म्हटलं की लहान मुलालाही कळतं. आमच्या कोरड्या पट्ट्यात बोअर म्हणजे जमिनीत मारलेलं भोक, पाण्यासाठी. दोघंही खरं बोलले होते. ‘सदरहू वस्तू’ लिहिताना आम्हीच त्यांचे शब्द खाऊन टाकले होते.

मेजर हसले नाहीत. हसणं थांबेपर्यंत ते थांबले आणि म्हणाले, "माझ्या वावरात येकच बोअर हाय, साहेब. तेबी कोरडं."

पाहुणा नव्हता तो, ताब्यातला माणूस होता. त्याचं घर, नोकरी, नाव टांगणीला लागलं होतं आणि आम्हाला विनोद सापडल्याचा आनंद झाला होता.

गुन्हा नाशिकला आधीच नोंदला गेला होता. गैरसमजातून दाखल झालेला म्हणून मी ‘क’ समरी पाठवली. म्हणजे गुन्हा घडलाच नाही, चूक झाली, असं पोलिसांनीच कोर्टाला लिहून द्यायचं. अटक दाखवलेली नव्हती, त्यामुळे मेजर मोकळे होते. एवढ्यात एका पेपरात बातमी येऊन गेली होती, माजी सैनिकाकडून शस्त्रांची छुपी वाहतूक. खुलासा मी स्वतः पाठवला. तो कुठल्या पानावर आला ते मला सापडलं नाही. बँकेत फोन केला, तर मॅनेजर गोड बोलले आणि म्हणाले, आम्ही दुसरा माणूस घेतलाय.

निघताना मी मेजरांना विचारलं, मी तुमच्यासाठी काय करू? माफी मागायची तयारी होती. त्यांना माफी नको होती. म्हणाले, "बाजाराच्या दिवशी नेलंत. बाजाराच्या दिवशीच आनून सोडा. आन् चार मानसांत सांगा."

तेवढे दिवस ते पाहुण्यांकडे राहिले आणि पुढच्या बाजाराच्या सकाळी ठाण्यात आले. मी त्यांना घेऊन गेलो. गणवेश घालून, त्याच जीपमधून, त्याच जागी त्यांना उतरवलं. लोक जमले. मी मोठ्यानं सांगितलं, "मेजरांच्या नावावर कसलाही गुन्हा नाही. बंदूक कायदेशीर, कागद कायदेशीर. चूक झाली होती."

कोपऱ्यावरचा सलूनवाला पुढे आला. चांगल्या मनानंच बोलला. "बरं झालं, मेजर सुटले. जामीन कुनी दिला वं?"

"जामीन नाही," मी म्हणालो. "गुन्हाच नव्हता."

"असं व्हय." त्यानं माझ्याकडे, मग मेजरांकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "मंग साहेबांनी मिटवलं म्हना."

मिटवलं ह्या शब्दाचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. चारचौघं समजूतदारपणे मान डोलवत होते. मी पुन्हा समजावू लागलो, आवाज चढवला, ट्रान्सपोर्ट, बिल्टी, बोअर सगळं सांगू लागलो. बोअरवर लोक हसले. मेजरांनी माझ्या दंडाला हात लावला. हयातीत कुठल्या पोलीस अधिकाऱ्याला त्यांनी हात लावला नसेल. हळू आवाजात म्हणाले, "जावा तुमी, साहेब. जेवडं बोलाल तेवडं वाढंल."

ह्या केसनं मला शिकवलं ते कामाचं होतं. पुढे जबाब घेताना मी रायटरला आधी माणसाचे शब्द लिहायला लावायचो, मग अर्थ. त्यानं बऱ्याच केसेस सुटल्या. बदलीच्या ठिकाणी तरुण अधिकाऱ्यांना मी हे सांगायचो आणि ते वहीत लिहून घ्यायचे. कुणाच्या अब्रूवर शिकलो, ते मात्र सांगत नव्हतो. कायद्यानं माणसाला निर्दोष लिहून देता येतं. तो कागद बाजारात वाचून दाखवता येत नाही, हे मी जीपमध्ये बसून परत येताना शिकलो आणि ते कुणाला शिकवावं असं कधी वाटलं नाही.

काही महिन्यांनी कोर्टाचा आदेश आला आणि मेजर मुद्देमाल घ्यायला ठाण्यात आले. खोकं तसंच होतं, फळी खिळ्यानं ठोकलेली. त्यांनी पावती वाचली, सही केली आणि खोक्याकडे बघत बसून राहिले. मी म्हटलं, "पुण्याला पाठवायची असेल तर मी ट्रान्सपोर्टवाल्याशी बोलतो. पत्र देतो."

"तो न्हाय म्हनला, साहेब. पत्र असलं तरी न्हाय."

"मग घरी तर न्या. एसटीनं नको, मी जीप देतो, दारापर्यंत सोडतील."

तेव्हा पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं.

"नगं, साहेब. जीपनं येकदा सोडलंत ना."

मग त्यांनी खिशातून परवाना काढला, टेबलावर बंदुकीच्या खोक्याशेजारी ठेवला आणि दोन्ही जमा करून घ्या म्हणाले. बंदूक गेली म्हणजे रखवालदारी कायमची गेली, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. कारण काय लिहू, मी विचारलं. "लिवा तुमच्या भाषेत काहीबी," ते म्हणाले. मी लिहिलं, ‘सदर इसमास सदरहू शस्त्राची आवश्यकता उरलेली नाही’. त्यांनी न वाचता सही केली, मला कडक नमस्कार केला आणि रिकाम्या हातांनी स्टँडकडे चालू लागले. मी खुर्चीतून उठलो होतो, पण नमस्कार परत करायला माझा हात वर गेला नाही.