शेफील्डच्या तळघरातली बाई

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. शेंद्र्याला शेतातल्या घरात वाढले. अंधारात एकटी विहिरीवरची मोटार चालू करायला जायचे, कधी काही दिसलं नाही. कुणी असले किस्से सुरू केले की मी मोबाइल काढून बसायचे. त्यामुळं हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण घडलं तसं लिहिते.

मी जालना रोडवरच्या एका ऑफिसात कॉल घेते. कंपनीचं नाव नको. काम आहे इंग्लंडच्या उत्तरेकडच्या शेफील्ड शहराचं — कचऱ्याची गाडी आली नाही, रस्त्यावरचा दिवा बंद आहे, बस कुठून मिळेल, असले फोन. ट्रेनिंगमध्ये त्या शहराचा इतिहाससुद्धा घोकून घेतला होता. पोलादाचं गाव, सुऱ्या-चाकूंसाठी नावाजलेलं, सगळं चढ-उताराचं. कामगारांसाठी बांधलेल्या, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या रांगा आणि त्या जुन्या घरांखाली कोळसा ठेवायची तळघरं. तिथले लोक अनोळखी माणसालाही 'लव्ह' म्हणतात. पहिल्यांदा मी लाजलेच होते!

त्यातलीच एक सेवा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. त्यांच्या गळ्यात एक बटण असतं. ते दाबलं की घरातल्या स्पीकरवरून कॉल थेट आमच्याकडं येतो आणि ते घर आम्हाला ऐकू येतं.

त्या दिवशी दुपारी मी जेवून नुकतीच खुर्चीत बसले होते. तिथं सकाळ. डोरीन नावाच्या आजींच्या घरून कॉल आला.

"डोरीन, ठीक आहात ना?" मी इंग्रजीत विचारलं.

नुसती घड्याळाची टिकटिक. पुन्हा विचारलं. आणि स्पीकरच्या अगदी जवळून एका बाईचा आवाज आला —

"अगं, ती खाली पडली हाय."

मराठीत! तीही आमच्या गावाकडची. आणि मला तेव्हा काहीच वावगं वाटलं नाही, हेच आता जास्त भीतीदायक वाटतं. मी पण गावाकडच्यासारखीच बोलून गेले, "खाली म्हंजी कुठं?"

"कोळशाच्या खोलीत. जिन्यावरनं घसरली. लई लागलंय तिला. कुणाला तरी धाड लवकर."

"तुम्ही कोण?"

पुन्हा नुसती टिकटिक.

मी अॅम्ब्युलन्सला कळवलं आणि घराची दुसरी चावी ज्यांच्याकडं होती त्या शेजाऱ्यांना फोन लावला. ते फोन कानाला लावूनच आत गेले.

"नाही लव्ह, घरात कुणीच नाही. वरच्या खोल्याही बघितल्या. बाजारात गेली असेल. बटण चुकून दाबलं गेलं असेल."

"तळघर बघा."

"तिथं कशाला जाईल ती? कित्येक वर्षांत कुणी उतरलं नाही तिथं."

"प्लीज... बघा तरी!"

दार करकरल्याचा आवाज आला. मग ते एकदम ओरडले, "ओ माय गॉड! डोरीन!"

आजी वाचल्या. ऑफिसात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर आमचा टीम लीडर फरहान माझ्या टेबलापाशी आला. त्यानं रेकॉर्डिंग ऐकलं होतं.

"बुड्ढी बच गई, अच्छा हुआ. लेकिन तू बात किससे कर रही थी?"

मी हेडफोन लावला. टिकटिक. माझा आवाज — खाली म्हंजी कुठं? टिकटिक. माझाच आवाज — तुम्ही कोण? मधे काहीच नाही.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "आपल्यातलं कुणी तिकडं गेलंच नाय कधी." फरहानचं म्हणणं, इंग्रजांच्या काळी आपल्या शहरातल्या छावणीत राहणारे गोरे साहेब मायदेशी परत जाताना मुलं सांभाळायला इथल्या बाया सोबत न्यायचे, त्यातली असेल एखादी. पण डोरीनचं घर साहेबाचं नव्हतंच. पिढ्यान्पिढ्या भट्टीवर काम करणाऱ्या कामगारांचं होतं ते.

हॉस्पिटलमधून घरी येऊन आठवडा झाल्यावर डोरीननी मुद्दाम फोन केला. आवाज अजून थकलेला होता.

"तुम्ही पाठवलेल्या त्या दुसऱ्या बाईंनाही थँक यू सांग."

"कुठल्या बाई?"

"अंधारात माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या त्या. चेहरा दिसला नाही. सारखं एकच म्हणत होत्या — उगी, उगी. म्हणजे काय गं?"

हा शब्द मला फोनवर ऐकू आलाच नव्हता.

"रडणाऱ्या लेकराला म्हणतात आमच्याकडं," मी कसंबसं म्हणाले. "गप्प हो, शांत हो... असं."



"अस्सं," डोरीन हळूच म्हणाल्या. "रोज संध्याकाळी खालून अजून ऐकू येतं मला ते. मला वाटायचं, मलाच म्हणतायत. पण मी तर आता रडत नाही, लव्ह."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. ती बाई कोण, इतक्या लांब ती कशी, आणि त्या तळघरात ती रोज कुणाला उगी करतेय... तुमच्यापैकी कुणाला काही कळलं तर सांगा. मला तर नाही कळलं.